वेंडेल टार्पलीचे पांढरे पाय

सप्टेंबरमध्ये भर दुपारी फुटबॉलचा सामना ठेवणाऱ्याला एकदा वेंडेल टार्पलीबरोबर कुणाच्या तरी छपराखालच्या माळ्यावर चढवायला हवं. म्हणजे अलाबामाचं ऊन काय चीज आहे ते कळेल. वेंडेलचा धंदाच तो. टॅलोवे गावातले एसी तोच दुरुस्त करतो आणि उन्हाळाभर लोकांच्या माळ्यांवर पोटावर सरपटत असतो. तेव्हा तो उन्हाला भिणारा गडी नव्हे. तो भीत होता स्वतःच्या पायांना.

झालं होतं असं. त्याचा मुलगा कोल्बी सातवीत शाळेच्या संघात लागला. इथल्या फुटबॉलमध्ये नाव होतं ते चेंडू काखोटीला मारून पळणाऱ्याचं. कोल्बीचं काम निराळं. लाथ मारायची वेळ आली की त्यानं मैदानात यायचं, वाकायचं आणि दोन पायांमधून चेंडू मागे थांबलेल्या गड्याच्या हातात अचूक फेकायचा. फेक बरोबर गेली तर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही; चुकली तर अख्खं गाव विचारतं, कुणाचा रे हा पोरगा? पहिल्याच सामन्याला वेंडेल कामावरून धापा टाकत आला, बाकावर टेकला, आणि त्याच वेळी कोल्बीची फेक मागच्याच्या डोक्यावरून थेट कुंपणाला लागली. सामना गेला. पुढच्या वेळी वेंडेल आला, तेव्हाही हरले. त्याच्या पुढच्या वेळी पोराचं मनगट मुरगळलं.

"वेंडेल, तू पांढऱ्या पायाचा आहेस बघ," त्याचा मेहुणा डेल म्हणाला. डेल असलं काहीही बोलतो आणि विसरून जातो. वेंडेल विसरला नाही.

हसू नका. रविवारी चर्चमध्ये अंधश्रद्धेवरचं प्रवचन ऐकून माना डोलावणारी आमची माणसं संघ जिंकत असेल तर महिनाभर पायमोजे धूत नाहीत. तेव्हापासून वेंडेल प्रत्येक सामन्याला यायचा, पण पार्किंगपर्यंतच. बायको रोंडा आत जायची आणि हा ट्रकमध्ये एसी लावून रेडिओ ऐकत बसायचा. कोल्बी कॉलेजात गेला, तिथल्या संघात लागला, तरी हाच रिवाज चालू राहिला. रेडिओवर चेंडू फेकणाऱ्याचं नाव तो चुकला तरच घेतात. तीन वर्षांत पोराचं नाव एकदाही ऐकू आलं नाही, याचा वेंडेलला केवढा अभिमान! पण आता कॉलेजचं शेवटचं वर्ष लागलं होतं. त्यापुढे कोल्बी कुठला खेळणार? आणि आपल्या पोराची एकही चांगली फेक या बापानं डोळ्यांनी पाहिली नव्हती.

त्या शनिवारी ट्रकचा एसी बंद पडला. गावाला गारवा देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गाडीची ही तऱ्हा. मध्यंतराला रोंडा बर्फाची पिशवी घेऊन बाहेर आली, तर नवरा दोन्ही दारं उघडी टाकून बसलेला, तोंड उकडलेल्या बीटासारखं.

"चल आत," ती म्हणाली.

"किती झाले?"

"दहांनी पुढे आहोत. चल."

"पुढे आहोत ना? मग मी इथंच बरा."

रोंडानं बर्फाची पिशवी सरळ त्याच्या डोक्यावर ठेवली. "हे बघ वेंडेल, इथं मरून पडलास तर कोल्बीला सामना अर्धा सोडून यावं लागेल. ते चालेल का तुझ्या पायांना?"

तो तिच्यामागून निघाला, पण चोरासारखा, भिंतीच्या कडेकडेनं.

खेळाडूंच्या घरच्यांच्या जागा नेमक्या उन्हाच्या बाजूला. पत्र्याचे बाक इतके तापलेले, की लोक टॉवेल अंथरून बसले होते. खालच्या रांगेत मिस आयमोजीन बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, गळ्यात ओला रुमाल, मांडीवर उकडलेल्या शेंगा आणि हातात अंत्यविधीवाल्यांच्या जाहिरातीचा पुठ्ठ्याचा पंखा. त्यांचा नातू संघात होता तो कधीच पास होऊन गेला, पण त्यांनी जागा काही सोडली नाही.

"अगं बाई, रोंडा, नवरा आहे होय तुला? मला वाटलं, नुसतं सांगतेस."

डेल मात्र वेंडेलला बघून उभाच राहिला. "आला! संपलं! अरे, दहांनी पुढे होतो!"

आणि खरंच, वेंडेल टेकला आणि घसरण सुरू झाली. आमच्या पाणमांजरांनी (संघाचं नाव ते, कुणी ठेवलं देव जाणे) हातातला चेंडू सांडला. समोरच्यांनी तो उचलून पळवला. मग त्यांनी आणखी एकदा गुण मिळवले. उन्हानं खेळाडू पाय ओढायला लागले, आणि दर वेळी डेल मागे वळून वेंडेलच्या बुटांकडे बघायचा. वेंडेलनं पाय बाकाखाली ओढून घेतले. गळ्यावरून घाम ओघळत होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

"मी जातो," तो रोंडाला म्हणाला.

"बस."

"माझ्यामुळं—"

"तुझ्यामुळं चेंडू सांडला? तुझे हात इथं आहेत."

"गेल्या वर्षी अर्ध्याहून जास्त सामने हरलो आपण," मिस आयमोजीन वळून न बघताच म्हणाल्या. "तेव्हा कुठं होतास तू?"

"ट्रकमध्ये."

"मग ट्रक विकून टाक. शेंगा घे."

शेवटी पाणमांजरं एका पॉइंटनं मागे, काही सेकंद उरलेले, आणि खांबांमधून चेंडू लाथाडायची एकच संधी. जमलं तर जिंकलो. कोल्बी पळत मैदानात आला. स्टेडियम उभं राहिलं. वेंडेलही उठला, पण जिन्याकडे. रोंडानं मागून त्याचा पट्टा धरला.

"सोड, रोंडा. तो चुकला तर मला जन्मभर—"

"चुकला तर मी एकटीनं बघू?" तिचा आवाज फाटला. "नऊ वर्षं एकटीच बघतेय मी."

वेंडेल वळला. खाली कोल्बी तळहात टॉवेलला पुसत होता. मग तो वाकला. एवढ्या लांबून पोराची पाठ दिसत होती, रुंद, सदरा घामानं चिकटलेला. ही पाठ इतकी रुंद कधी झाली, ते वेंडेलला कळलंच नव्हतं. चेंडू पायांमधून निघाला, गरगरत, सुतात सरळ, आणि लाथेसाठी चेंडू धरायला गुडघ्यावर बसलेल्या गड्याच्या हातात जाऊन बसला. त्या गड्याला बोटसुद्धा हलवावं लागलं नाही.

भोवती सगळे "ओह!" करून कण्हले. डेलनं टोपी आपटली. लाथ बसली होती, पण चेंडू खांबाच्या बाहेरून गेला होता. वेंडेलनं ते बघितलंच नाही. तो अजून कोल्बीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"हरलो आपण, आणि हसतोस काय?" डेल खेकसला.

"बघितलंस? हातात! सरळ हातात!"

सामना संपल्यावर घरची माणसं कुंपणापाशी जमतात. कोल्बी हेल्मेट काखेत धरून आला. आईला बघून थांबला, मग तिच्या मागे कोण आहे ते बघून आणखीच थांबला.

"डॅडी? तुम्ही आत?"

"ट्रकचा एसी गेला," वेंडेल म्हणाला. मग मान खाली घालून पुटपुटला, "चूक झाली रे. मी आलो आणि तुम्ही हरलात. तुझ्या मामानं सांगितलंय ना तुला माझ्या पायांचं."

"सांगितलंय," कोल्बी म्हणाला. त्यानं चेहऱ्यावरचा घाम पुसला आणि जरा वेळ कुंपणाच्या जाळीशी खेळत राहिला. "मला ते कधीच खरं वाटलं नाही, डॅडी. मला वाटायचं, सातवीत मी तो बॉल कुंपणावर घातला ना, तेव्हा तुम्हाला लाज वाटली. मी चुकलेला तुम्हाला बघवत नाही, म्हणून तुम्ही येत नाही."

वेंडेलला हे कुणी थोबाडीत मारल्यासारखं लागलं. इतकी वर्षं पार्किंगमध्ये बसून आपण पोराला सांभाळतोय, असं त्याला वाटत होतं. आणि आत पोरगा दर वेळी वाकताना हे डोक्यात घेऊन वाकत होता.

"लाज?" तो कसाबसा म्हणाला. "अरे वेड्या, त्या दिवशी तू रडत संघाच्या बसमध्ये चढलास, तेव्हा तुला जवळ घ्यायला मी धावत आलो होतो. बस निघून गेली." जाळीच्या भोकांतून बोटं घालून त्यानं पोराची ओली बोटं धरली. "मला बघवत नव्हतं असं काही नाही रे. मी भित्रा होतो, बस्स."

रोंडा दुसरीकडे तोंड करून नाक पुसत होती. डेलला काही कळलं नव्हतं, तो मागून ओरडला, "वेंडेल, पुढच्या शनिवारी पार्किंगमध्येच बस हं, उपकार कर!"

"तूच बस जाऊन," वेंडेल वळून म्हणाला. मग पुन्हा जाळीकडे वळला. "पुढच्या शनिवारी मी येतोय, कोल्बी. तू खुशाल चूक. मी बसलेलो असेन."