घड्याळाला वेळ माहीत होती

"पेशंटला शेवटचं धडधाकट कुणी बघितलं? किती वाजता?" इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी विचारलं.

"मी. सव्वादहाला. बीपी तपासलं होतं."

"त्यानंतर?"

त्यानंतरचं मला काहीच माहीत नव्हतं. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. स्ट्रेचरवर कोळपेमामा होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मेल्यासारखा पडलेला. डोळे मात्र उघडे होते आणि माझ्याकडेच बघत होते.

स्ट्रोक होता. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली की तिथला भाग मरायला लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला तर त्याच इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. माणूस नेमका कधी पडला हे कुणालाच माहीत नसेल, तर त्याला शेवटचं ठीक बघितलं तिथून वेळ मोजतात. सव्वादहा अधिक साडेचार तास म्हणजे पावणेतीन. पंचवीस मिनिटांपूर्वीच वेळ संपली होती.

"पण डॉक्टर, ते नंतर पडले असणार. बारा वाजता, एक वाजता..."

"असतीलही. मला पुरावा द्या, मी लगेच इंजेक्शन देतो."

पुरावा मामांच्या मनगटावर होता. स्मार्टवॉच. ते बंद पडलं होतं.

मी शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात नर्स आहे. कारखान्यातल्या छोट्या दवाखान्याला ओएचसी म्हणतात. मी राहते दौंडच्या रेल्वे कॉलनीत, सकाळी कंपनीच्या बसनं येते. वाटेत भीमेकाठच्या एका गावातून कोळपेमामा चढायचे. वय बावन्न, बीपीची गोळी चालू. ते ईटीपी सांभाळायचे. कारखान्याचं घाण पाणी जिथं साफ होतं ती जागा, अगदी मागच्या कुंपणाला लागून. "आज्ज्यानं मेंढरं राखली, बानं राखली. मी पानी राखतोय," असं म्हणून हसायचे.

तिथं पूर्ण शिफ्टभर ते एकटे असत. अशा एकट्यानं काम करणाऱ्या चौघांसाठी आमच्याकडे जुनी पद्धत होती. दर तासाला वॉकीटॉकीवरून बॉयलर हाउसला "ईटीपी ओके" म्हणायचं. तिथले ऑपरेटर शब्बीरभाई रजिस्टरमध्ये वेळ लिहायचे.

मागच्या वर्षी मॅनेजमेंटला काहीतरी आधुनिक हवं होतं. स्मार्टवॉच मीच सुचवलं. माणूस पडला की घड्याळाला कळतं, ते थरथरतं, माणसानं उत्तर दिलं नाही तर ठरलेल्या नंबरवर फोन लावतं. मी घरी ते घालून गादीवर धपकन पडून बघितलं. एक मिनिटात मिस्टरांचा फोन वाजला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "उपयुक्त."

त्या वेळी माझा मोबाईल उशाशीच होता. हे माझ्या लक्षातच आलं नाही.

काही घड्याळांत स्वतःचं सिम असतं. आमच्या पर्चेस खात्यानं घेतली ती बिनसिमची. म्हणजे घड्याळ स्वतः फोन लावत नाही, खिशातल्या मोबाईलला लावायला सांगतं. आणि आमच्याकडे कामगारांचे मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा नियम. ईटीपी गेटपासून चालत सात-आठ मिनिटांवर. मी प्लांट हेडना भेटले.

"सर, मोबाईल जवळ नसेल तर हे घड्याळ कुणालाच कळवत नाही. या चौघांना तरी मोबाईल आत न्यायची परवानगी द्या."

"चौघांना दिली की चारशे मागतील. वायफाय आहे ना? वायफायवर चालतं म्हणे."

"ईटीपीला वायफायची रेंज येत नाही सर."

"राउटर लावू. आयटीला सांगतो."

राउटर आला नाही. सर्क्युलर मात्र आलं: घड्याळं दिल्यामुळे वॉकीटॉकीवरची तासाची हजेरी बंद. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "दोन-दोन सिस्टिम कशाला चालवायच्या सिस्टर?" सर्क्युलरवर आरोग्य विभागाची म्हणून माझी सही आहे. राउटर आठवड्याभरात येईल असं धरून मी ती केली.

चार्जिंगची तऱ्हा वेगळीच. मोबाईल सापडेना की घड्याळ दिवसभर त्याला शोधत राहतं, त्यात बॅटरी जाते. नाडीची नोंद चालू ठेवली तर आणखी लवकर. चार्जर प्रत्येकाला एकच, तो घरी. मामांच्या गावात रात्री लाईट जायची.

"सिस्टर, ह्ये घड्याळ म्हंजी तान्हं लेकरू हाय. रोज पाजावं लागतंय. न्हाई पाजलं की मान टाकतंय."

"तरी घाला मामा. तुमच्यासाठीच आहे."

"तुमी म्हन्ता म्हून घालतो बगा."

बाकी तिघांनी घड्याळं कधीच ड्रॉवरमध्ये टाकली होती.

त्या दिवशी पावणेदोनच्या सुमारास शब्बीरभाई पाण्याचा सॅम्पल आणायला ईटीपीवर गेले आणि तिथून ओरडतच आले. "सिस्टर, मामा पडल्यात! बोलत न्हाईत!" मी बॅग घेऊन धावले. मामा पंपाशेजारी कुशीवर पडले होते. मी आधी साखर तपासली, ती ठीक होती. मग बीपी, श्वास, हात उचलतात का, बोलतात का. मनगटावर घड्याळाचा पडदा उजळलेला होता. "पडल्याची नोंद. फोन जोडलेला नाही." बॅटरी चार टक्के. त्याच्याखाली बारीक अक्षरात वेळही असणार. मी ती वाचली नाही. मला अॅम्ब्युलन्स बोलवायची होती.

कोरेगाव भीमाजवळ गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा मला वेळेचं सुचलं. मी मामांचं मनगट उचललं. पडदा काळा.

हॉस्पिटलमध्ये मी वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरकडे चार्जर मागितला. दहा-बारा निघाले. एकही त्या घड्याळाला बसेना. मग गेटवरच्या सुर्वेंना फोन लावला.

"कोळपेंचा मोबाईल लॉकरमधून काढा, त्यावर काही दिसतंय का बघा."

"मॅडम, लॉकर उघडायला एचआरचा मेल लागतो."

"सुर्वे, माणूस मरतोय इथं!"

त्यांनी मेल यायच्या आधीच उघडलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण मोबाईलला लॉक होतं, आणि उघडून तरी काय मिळणार होतं? सकाळी बसमधून उतरल्यापासून घड्याळ मोबाईलला जोडलंच गेलं नव्हतं. वेळ होती ती फक्त घड्याळात.

मग मामांच्या घरी फोन केला. त्यांच्या बायको, लक्ष्मीबाई, शेतात होत्या. निरोप पोचला, पुतण्यानं गाडी काढली. मी सांगितलं, घड्याळाची वायर तेवढी न विसरता आणा.

डॉक्टर वाईट नव्हते. दोनदा येऊन विचारून गेले. अशा वेळी एमआरआय काढून वेळेचा अंदाज घेता येतो, पण तिथलं मशीन दुरुस्तीला होतं आणि दुसरीकडे हलवण्यात आणखी दीड तास जाणार होता. गुठळी बारीक रक्तवाहिनीत होती, तार घालून काढण्यासारखी नव्हती. मी खुर्चीवर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पाच वाजले. साडेपाच वाजले.

लक्ष्मीबाई सहा वाजून दहा मिनिटांनी आल्या. पदराच्या गाठीत वायर बांधून आणली होती.

"ह्येच सांगितलं व्हतं न्हवं सिस्टर? आणलं बगा."

घड्याळ सुरू व्हायला दहा मिनिटं लागली. डॉक्टर माझ्या शेजारी उभे होते. एक वाजून अठरा मिनिटांपर्यंत पावलांची नोंद होती, म्हणजे मामा चालत होते. एक बावीसला पडल्याची नोंद.

एक बावीस अधिक साडेचार तास. पाच बावन्न. सहा वीस झाले होते.

डॉक्टरांनी हिशेब माझ्याइतक्याच लवकर केला. ते पडदा सारून आत गेले.

"आता देत्याल न्हवं सुई?" लक्ष्मीबाईंनी मला विचारलं.

मी त्यांना काय सांगितलं ते मला आठवत नाही. काहीतरी सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या.

नंतर बसमध्ये बसून मी कितीदा तेच मोजलं. जुनी वॉकीटॉकी चालू असती, तर एक वाजताचं "ईटीपी ओके" शब्बीरभाईंच्या रजिस्टरमध्ये असतं. दोन रुपयांच्या पेननं लिहिलेलं. डॉक्टरांना तेवढं पुरलं असतं. आणि पावणेदोन वाजता मी पडद्यावरची एक ओळ जास्त वाचली असती, तर रजिस्टरचीही गरज पडली नसती.

चौकशी झाली. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं: "कर्मचाऱ्याने उपकरण पूर्ण चार्ज केले नव्हते." आदल्या रात्री त्यांच्या गावात लाईट नव्हती, हे मी सांगितलं. लॉकरचं सांगितलं, राउटरचं सांगितलं, सही केल्याचंही सांगितलं. माझं म्हणणं वेगळ्या कागदावर लिहून घेतलं. फायनल कॉपीत तो कागद नव्हता.

मामा घरी आहेत. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मी महिन्यातून एकदा जाते, बीपी बघते. मागच्या वेळी त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला आणि काहीतरी सांगायचा खूप प्रयत्न केला. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "च्या घ्या म्हन्त्यात." मला तसं वाटलं नाही. मी चहा घेतला.

कारखान्यात आता सिमवाली घड्याळं आणायचं चाललंय. त्यांची बॅटरी आणखी लवकर संपते, असं ऐकते. मीटिंगमध्ये मी एवढंच विचारलं की हे बंद पडलं तर माणसाकडे काय उरतं. त्यांनी पुढचा विषय घेतला. या वेळी मी सही केली नाही. ऑर्डर गेलीच.