साहेबांची पाठ

दातांच्या कवळ्या करणाऱ्या त्या लॅबमध्ये तिला सगळे शेडबाई म्हणत. माणसाचा दात पांढरा नसतो, हे तिनं आयुष्यभर लोकांना समजावलं होतं. कुणाचा पिवळसर असतो, कुणाचा राखी, कुणाचा मुळाशी तपकिरी आणि टोकाला जवळजवळ आरपार दिसणारा. दातांचे डॉक्टर रंगाची पट्टी लावून नंबर पाठवत. शेडबाई पेशंटचा फोटो बघायची आणि म्हणायची, "नंबर चुकलाय. ट्यूबलाइटखाली बघितलंय यांनी." आणि नंबर चुकलेलाच निघायचा. तिच्या हातचे दात घालून किती जण मुलाखतीला गेले, किती जण बोहल्यावर चढले आणि किती जण मनसोक्त भांडले, याची गणती नाही. समोरच्याला कळता कामा नये, एवढीच तिच्या कामाची कसोटी. कळलं की काम फसलं.

एका गोष्टीवरून मात्र तिचा पारा चढायचा. काही डॉक्टर दात आतून नीट साफ न करताच वर टोपी बसवून मोकळे होत. दात आतल्या आत सडायचा आणि काही महिन्यांनी ती टोपी डबीतून लॅबमध्ये परत यायची. डबीचं झाकण उघडलं की जो वास यायचा, तो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. मग शेडबाई फोन उचलून त्या डॉक्टरची अशी हजेरी घ्यायची, की शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला आपलं मशीन बंद करून ऐकत बसायचा.

ती राहायची मावशीकडे. बाविसाव्या वर्षी हे काम शिकायला म्हणून सहा महिन्यांसाठी आली, त्याला आता बत्तीस वर्षं झाली. मावशीला मूलबाळ नव्हतं. काका जाऊनही बारा वर्षं लोटली होती. घरात तिसरे होते साहेब. साहेब म्हणजे कासव. काकांनी चाळीस वर्षांपूर्वी आणलेलं, आणि त्यांनीच ऑफिसातल्या आपल्या वरिष्ठांवरून नाव ठेवलेलं, कारण या टेबलापासून त्या टेबलापर्यंत जायला दोघांनाही सारखाच वेळ लागायचा. नावाबरोबर मानही आपोआप चिकटला. "साहेब उठले का?" "उठलेत, पण कपाटाखालून बाहेर यायचा विचार दिसत नाही." असं त्या घरात रोज चालायचं, आणि कुणाला त्यात हसू यायचं नाही.

काचबिंदूनं मावशीची नजर हळूहळू गेली. गेल्या दोन वर्षांत तर उजेड आणि अंधार, एवढंच उरलं होतं. तिनं त्याचा फार बाऊ केला नाही. घर तिच्या हातांना पाठ होतं. कपाची कड, दाराची कडी, साडीची किनार, सगळं ती बोटांनी वाचायची. सकाळचा चहा झाला की साहेबांना मांडीवर घ्यायची आणि पाठीवरून हात फिरवायची, पुढून मागे, एकेक चौकट मोजत. पाठीवर तेरा चौकटी, प्रत्येकीवर वर्षांच्या बारीक वळ्या. तेरा झाल्या की तिचा दिवस सुरू होत असे.

"मला आता दिसत नाही," ती एकदा शेडबाईला म्हणाली होती. "साहेब तुझ्या भरवशावर आहेत."

मागच्या दाराला तीन दगडी पायऱ्या होत्या. साहेबांनी तिकडे जाऊ नये म्हणून उंबऱ्याशी एक फळी आडवी लावलेली असे. त्या सोमवारी शेडबाईला उशीर झाला होता. ती कचरा बाहेर ठेवून आत आली आणि फळी लावायची राहिली. मावशी आंघोळीला गेली होती. शेडबाई डबा भरत होती, तेवढ्यात बाहेर आवाज आला. फार मोठा नाही, मातीची कुंडी कलंडावी तेवढाच.

साहेब खालच्या पायरीशी उताणे पडले होते. तिनं उचलून सरळ केलं. उजव्या बाजूची एक चौकट तडकली होती आणि तिचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा उडाला होता. आत ओलसर गुलाबी दिसत होतं. रक्त थोडंसंच होतं. साहेबांनी डोकं आत ओढून घेतलं होतं. शेडबाई तिथंच पायरीवर बसली.

त्या क्षणी तिनं मावशीला हाक मारायला हवी होती. मावशी ओरडली नसती. ती गप्प बसली असती, आणि मावशीचं गप्प बसणं शेडबाईला कधीच सोसत नसे. न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. आजचा हात फिरवून झाला होता, पुढचा उद्या सकाळी फिरणार. मध्ये अख्खा दिवस होता. तिनं साहेबांना टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं आणि दारातून सांगितलं, "मावशी, साहेब कपाटाखाली झोपलेत गं. मी निघते."

लॅबमध्ये तिनं जखम मिठाच्या पाण्यानं पुसली, वाळवली, आणि कवळीचं मटेरियल काढलं. पावडर आणि लिक्विड कालवलं की ते घट्ट होताना तापतं, म्हणून अगदी पातळ थर दिले, प्रत्येक थरानंतर फुंकर घालत थांबली. तपकिरीत थोडा पिवळा मिसळला, कडेला काळसर छटा दिली. मग बारीक हत्यारानं शेजारच्या वळ्या बघून बघून तशाच वळ्या कोरल्या. चार तास गेले. जेवणाचा डबा तसाच राहिला.

"कुठं फुटलंय ते दाखवा तरी," पॉलिशवाला म्हणाला. त्यानं साहेबांना उजेडात फिरवून फिरवून बघितलं आणि शेवटी डाव्या बाजूकडे बोट दाखवलं. शेडबाईला हसू आलं. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला अभिमान वाटला, आणि तो वाटल्याची लाज फार उशिरा वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मावशीचा हात पुढून मागे निघाला. पाच, सहा, सात. त्या चौकटीवर आला, वळ्यांवरून गेला आणि पुढे सरकला. तेरा. "चला," मावशी म्हणाली आणि साहेबांना खाली ठेवलं. शेडबाई डबा भरायला वळली.

आठवडा बरा गेला. नंतर साहेबांनी पानं न खाता तशीच ठेवायला सुरुवात केली. जास्वंदीच्या पानांवर एरवी त्यांचा जीव, पण आता टोपली संध्याकाळी सकाळसारखीच भरलेली दिसायची. हवा बदलली असेल, शेडबाई म्हणाली. तिनं हे मावशीला सांगितलं आणि दिवसभर स्वतःलाही सांगत राहिली. लॅबमध्ये कवळीचे दात तिच्याकडून जास्तच घासले गेले आणि एक आख्खी कवळी पुन्हा करावी लागली.

"पाठ कोरडी लागतेय गं त्यांची," मावशी एके सकाळी म्हणाली. "पापुद्रे सुटल्यासारखी. आजारी तर नाहीत ना?"

"वयच झालंय ना, मावशी. तेल लावते थोडं."

तिनं तेल लावलं. पाठ चकचकीत झाली. मावशीची बोटं त्यावरून घसरली, पण तिचं समाधान झालं नाही. ती साहेबांना मांडीवर घेऊन नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. शेडबाई कामाला जायला निघाली खरी, पण कोपऱ्यावरून दोनदा परत आली. साहेबांची मान हलतेय की नाही ते बघितलं आणि पुन्हा गेली.

पंधराव्या दिवशी मावशीनं नाक वर केलं. "कसला वास येतोय? मोरी तुंबली का?"

शेडबाईलाही तो आला होता. वास डबीतला होता. परत आलेल्या टोपीचा. तिला तो मोरीचा वाटणं शक्यच नव्हतं. तरीही ती उठली, मोरीत बाटलीभर फिनेल ओतलं आणि म्हणाली, "हो, तुंबलीये." फिनेलच्या वासानं मावशीला खोकला आला. शेडबाई मोरीपाशी रिकामी बाटली हातात धरून उभी राहिली. ज्या चुकीसाठी तिनं आयुष्यभर डॉक्टरांना फैलावर घेतलं, तीच चूक तिनं घरच्या जिवावर केली होती, आणि तीही जास्त सफाईनं. अर्ध्या तासात ती साहेबांना घेऊन जनावरांच्या दवाखान्यात होती.

तिथली डॉक्टर वयानं लहान आणि बोलायला फटकळ होती. तिनं पाठ तिरपी धरून बघितली, हुंगली, नखानं टोकरली.

"हे कुणी केलं?"

"मी."

"काम सुरेख आहे," डॉक्टर म्हणाली. "याच्याखाली सडलंय. हे काढायला लागेल, आणि माझ्या हत्यारानं काढलं तर निम्मी पाठ सोबत येईल. आणि तेल कुणी सांगितलं लावायला? कोरड्या पाठीला तेल नसतं लावायचं. कोमट पाण्यात बसवायचं, हनुवटीपर्यंत."

शेडबाई रिक्षानं लॅबमध्ये जाऊन आपलं बारीक कोरायचं मशीन घेऊन आली. डॉक्टरनं साहेबांना भुलीचं इंजेक्शन देऊन धरलं आणि शेडबाईनं स्वतःच्या हातानं त्या वळ्या घासून काढल्या. चार तासांचं काम पंचवीस मिनिटांत भुकटी होऊन टेबलावर पडलं. खाली जे होतं ते पिवळं आणि मऊ होतं. डॉक्टरनं ते खरवडलं, पुन्हा खरवडलं. नखाएवढी जखम आता रुपयाच्या दोन नाण्यांएवढी झाली होती.

"वाचतील ना?"

"आठ दिवस काही सांगू शकत नाही. खायला लागले तर आशा आहे. औषधाच्या पाण्यानं रोज धुवायचं, एक दिवसाआड इंजेक्शनला आणायचं. अंघोळ घालताना जखमेपर्यंत पाणी जाऊ द्यायचं नाही. वर जाळीच्या कापडाची पट्टी, बास. बुजवायचं नाही. आणि हात लावायचा नाही कुणी."

उद्या सकाळी मावशी हात पुढे करणार होती. घरी येताना तिच्या मनात किती थापा येऊन गेल्या. साहेबांना दवाखान्यात ठेवून घेतलंय. साहेबांना खरूज झालीये. एकेक थाप पहिल्यापेक्षा नीट बसत होती. तिला स्वतःचीच भीती वाटली.

मावशी दाराशी खुर्ची ओढून बसली होती. शेडबाईनं खोकं खाली ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फळी, पायऱ्या, लॅब, वळ्या, तेल, फिनेल. काहीही गाळलं नाही. मावशी गप्प बसेल असं तिला वाटलं होतं. मावशी गप्प बसली नाही.

"पंधरा दिवस मी रोज हात फिरवला," ती म्हणाली. "मोजत होते मी. मला कसं कळलं नाही?"

"कळू नये असंच केलं होतं मी, मावशी."

"डोळे गेले तेव्हा म्हटलं, असू दे, हात आहेत." मावशीनं दोन्ही तळवे मांडीवर उलटे करून ठेवले. "आता यांच्यावर विश्वास ठेवू, की नको?"

शेडबाईला रडू फुटलं. मावशीनं तिला गप्प केलं नाही, ती रागेही भरली नाही. ती भिंत धरून आत गेली. त्या संध्याकाळपासून ती सगळं विचारायला लागली. कपाला हात लावून विचारायची, हा तडकलेला नाही ना? साडी चाचपून विचारायची, ही निळीच ना? बत्तीस वर्षांत तिनं असलं काही विचारलं नव्हतं. शेडबाई प्रत्येक वेळी खरं सांगायची आणि प्रत्येक वेळी मावशी थोडी थांबून मगच मान हलवायची.

साहेब पडून होते. शेडबाई लॅबमध्ये जाण्याआधी जखम धुवायची, दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन बघून जायची. जखमेची कड कोरडी दिसली की तिला धीर यायचा, साहेबांनी डोळे मिटलेले दिसले की तो सुटायचा. चौथ्या दिवशी नाही खाल्लं. सहाव्या दिवशीही नाही. सातव्या दिवशी डॉक्टरनं इंजेक्शन देताना बोलणं टाळलं, आणि फटकळ माणसानं बोलणं टाळलं की उरलेलं समजायचंच असतं. त्या दिवशी शेडबाईनं रजा टाकली.

आठव्या दिवशी दुपारी टोपलीजवळचं एक पान कुरतडलेलं होतं. कडेला अर्धचंद्रासारखा घास. शेडबाईनं ते दोनदा उलटसुलट करून बघितलं आणि धावत मावशीकडे नेलं.

"मावशी, खाल्लं. साहेबांनी खाल्लं."

मावशीनं पान हातात घेतलं. कड बोटानं चाचपली, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. तिचा चेहरा उजळत होता, आणि मधेच थांबला.

"हे तू कातरलेलं नाहीस ना?"

शेडबाईनं तोंड उघडलं. माणसाच्या दातांचे ठसे ती डोळे मिटून काढू शकली असती, हा तर कासवाचा एका पानावरचा घास. नाही म्हणण्याला काही किंमत उरली नव्हती, म्हणून ती नाही म्हणाली नाही. तिनं मावशीला दंडाला धरून साहेबांसमोर जमिनीवर बसवलं. एकोणऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना ते सोपं गेलं नाही. मग एक ताजं पान तिच्या बोटांत दिलं, तिचा हात साहेबांच्या तोंडापाशी नेला, आणि स्वतः मागं सरकून भिंतीशी जाऊन बसली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मावशीचा हात अधांतरी अवघडला, तरी तिनं तो खाली घेतला नाही. मग पान हललं. एकदा सुटलं, पुन्हा धरलं गेलं, आणि मावशीच्या चिमटीतून हिसका बसल्यासारखं ओढलं गेलं.

"ओढतायत," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जोरात ओढतायत गं."

"हो ना, मावशी."

पान संपलं. शेडबाई दुसरं द्यायला पुढं सरकली. मावशीनं तिकडे हात केला नाही. तिनं जमीन चाचपत टोपली शोधली, आपल्याजवळ ओढून घेतली आणि त्यातलं पान स्वतःच्या हातानं उचललं.