चाड्यावरची मूठ

माकणीच्या शिवारात, तेरणेच्या काठानं, अशी काळी जमीन आहे की हिवाळ्यात ज्वारीत बैल शिरला तर त्याची शिंगंही दिसू नयेत. या शिवारात बंडप्पाचं नाव काढलं की लोक विचारायचे, सिद्रामप्पाचं पोरगं ना? ते पोरगं चाळिशी ओलांडलेलं होतं. मिशीत पांढरं आलं होतं. लेकीला मुलगा झाला होता, म्हणजे पोरगं आजोबा झालं होतं.

निजामाच्या अमलाची शेवटची वर्षं ती. बंडप्पा कामाला वाघ. नांगर धरावा तर त्यानं, मोट हाणावी तर त्यानं. पण लोहाऱ्याच्या बाजारात साधा कासरा घ्यायचा झाला तरी तो पीळ चाचपायचा, ताणून बघायचा आणि परत ठेवायचा. अप्पांना विचारून घेतो, म्हणायचा. बांधाशेजारचा उत्तरेश्वर त्याला डिवचायचा, "बंडप्पा, तहान लागल्याली तरी तुझी तुला कळती का, का तेबी अप्पालाच इचारतूस?" बंडप्पा हसायचा. त्याला राग येत नसे, हीच तर गंमत होती.

पेरणीला त्यानं कधी चाड्यावर मूठ धरली नव्हती. तिफणीवर लाकडाचं वाडग्यासारखं चाडं असतं. मागून चालणारा माणूस त्यात मुठीनं बी सोडत जातो. मूठ सैल सुटली तर ज्वारी दाटते, आवळली तर रान उघडं पडतं. ती मूठ सिद्रामप्पाची. बंडप्पा बैल हाकायचा आणि बापाच्या मुठीकडं पाठ करून चालायचा.

देवळाच्या पायरीवर म्हातारे याचा काथ्याकूट करत. कुणी म्हणे, बाप हात सोडत नाही. कुणी म्हणे, काळच बदलला. पूर्वी पटकी, प्लेगात बाप लवकर जायचे आणि मिसरूड फुटायच्या आत पोरं कर्ती व्हायची. आता बाप टिकतात, घरात दाणा असतो, मग पोरांनी मोठं व्हायचं कशासाठी?

त्या साली उत्तरा नक्षत्र कोरडं चाललं होतं. सिद्रामप्पा आळंदला दिलेली लेक आजारी म्हणून तिकडं गेला. जायला एक दिवस, यायला एक दिवस अशी वाट. तो गेला आणि पाऊस पडला. उघडीप मिळाली, माती धड चिखल नाही, धड धूळ नाही अशी झाली. वाफसा आला. सगळ्या शिवारात तिफणी निघाल्या.

बंडप्पानं ढेकूळ हातात घेतलं, फोडलं, वास घेतला. वाफसा आहे हे त्याला कळत होतं. तरी त्यानं सालगडी लिंबाजीला आळंदच्या वाटेला लावलं. अप्पांना विचारून ये, पेरू का?

लिंबाजी जाऊन येईतो दोन दिवस ऊन तापलं. वरच्या रानाला भेगा दिसू लागल्या. लिंबाजीनं निरोप आणला तो एवढाच, "अप्पा म्हनले, हितनं मला माती दिसत न्हाय."

बंडप्पा वरच्या रानाच्या बांधावर बराच वेळ उभा राहिला. ते रान त्या साली गेलं. ओढ्याकडच्या खालच्या रानात मात्र ओल होती, फार तर त्या दिवसापुरती. तेही गेलं तर वर्षभर घरात बाजाराची ज्वारी आणावी लागणार होती.

त्याची बायको महादेवी बिनभावाच्या घरातली. माहेरी तिनं चाडं धरलं होतं. बंडप्पानं तिच्यापुढं बियांची ओटी धरली. तिनं हात मागं घेतला.

"म्या धरीन," ती म्हणाली, "पन मग उद्यापासनं अप्पाच्या जागी मलाच इचारत बसाल."

बंडप्पानं ओटी स्वतःच्या कमरेला बांधली. लिंबाजीनं बैल हाकले. पहिल्या तासाला, म्हणजे पेरणीच्या पहिल्या ओळीला, बंडप्पाची मूठ इतकी आवळली की बी सुटेना, दुसऱ्याला भसकन सुटलं. दिवस मावळताना रान पेरून झालं आणि त्याच्या बोटांना वळ पडले होते.

सिद्रामप्पा परत आला तोवर ज्वारी उगवली होती. कुठं झुपके, कुठं मोकळी पट्टी. म्हातारा बांधानं सगळं रान फिरला. उत्तरेश्वर आपल्या रानातून मान उंच करून बघत होता. बंडप्पा खाली मान घालून मागं चालला होता.

शेवटी म्हातारा बांधावर टेकला. "माझं पयलं रान यापरीस वंगाळ आलं हुतं," तो म्हणाला. "प्लेगानं बाप न्हेला. चाडं रिकामं हुतं. मला मूठ कुनी दिली न्हाय."

बंडप्पाच्या ओठावर आयुष्यभराचा प्रश्न आला. "मग तुमी जित्यापनी मला का दिली न्हाय?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं. त्यालाही हे पहिल्यांदाच सुचत असावं. "तू मागितलीस कवा?" तो म्हणाला. "पन मागितली असतीस तर म्या दिली असती का, हे मलाबी ठावं न्हाय."

खालून ओढ्याचा आवाज येत होता.

"ह्या मोकळ्या पट्ट्यांचं काय करायचं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"करडई टोकतो."

"काट्यानं काढनीला बायका बोंबलतील. ज्वारी काढताना हात सोलून निघतील."

म्हाताऱ्याचं खरं होतं. बंडप्पा बापाच्या चेहऱ्याकडं बघणार होता, पण त्यानं मोकळ्या पट्टीकडं बघितलं. माती अजून काळीभोर होती.

"निघू द्यात," तो म्हणाला. "करडईच टोकतो."

सिद्रामप्पा गुडघ्यावर हात टेकून उठला, धोतर झटकलं आणि करडईचं बी आणायला घराकडं निघाला.