धानोऱ्याच्या अंगणात मास्तरांचा बाजा

दिवाळी सरली आणि धानोऱ्याहून गंगाबाईंचा निरोप आला. "बाबा दिवसभर मांडीवर बोटं वाजवून राह्यले. बाजाचं नाव काढलं का तोंड फिरवतेत."

बाबा म्हणजे आमचे मास्तर. मुंबईच्या हॉटेलात गोवेकर वादकांबरोबर जाझ वाजवून हा माणूस नागभीडला परतला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्याने दोन ताफे बांधले. पहिल्यात नुसती फुंकायची वाद्यं, दुसऱ्यात जोडीला गोंडी ढोल. त्यांच्या चाली ना लग्नात चालल्या ना दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत. लोक हुर्यो करायचे. शेवटी "आपला बाजा म्हंजे नुसता गलबला" म्हणत त्यांनी सगळं मोडलं आणि धानोऱ्याला लेकीकडे, या गंगाबाईंकडे, राहायला गेले. आता त्यांची छाती साथ देत नाही. क्लॅरिनेट माझ्या हातात त्यांनीच दिलं. तो गलबला नव्हता हे त्यांना त्यांच्याच कानांनी ऐकवायचं, तेही वेळेत, म्हणून ताफ्यातले जुने साथीदार गोळा करायला मी नागपूर सोडलं.

छोट्या गाडीने नागभीडला जाणार असाल तर खिडकीतून डोकं बाहेर काढू नका, इंजिनातला कोळसा डोळ्यांत जातो. मी काढलं होतं. लाल डोळ्यांनी रशीदभाईंच्या कल्हईच्या दुकानात शिरलो तर त्यांना वाटलं, मास्तर गेले! खरं कळल्यावर त्यांनी भट्टी विझवली आणि फळीवरचं कॉर्नेट काढलं. सनईवाले किसनभाऊ शेतात होते, धान कापून पडलेलं.

"येता का?" मी भीत भीत विचारलं.

"धान काय पळून जाते? चाल," म्हणाले, आणि विळा बायकोच्या हाती दिला. तिच्या नजरेचं वर्णन मी करत नाही.

ब्रह्मपुरीपर्यंत मोटार बरी आहे. पुढे वैनगंगा डोंग्यातून ओलांडायची. आरमोरीला भात आणि लाखोळीचं वरण पोटभर खाऊन घ्या, कारण गडचिरोलीनंतर आमच्या वाट्याला मिठाच्या पोत्यांनी भरलेला ट्रक आला. पोत्यांवर बसून हाडं खिळखिळी झाली, पण दोन्ही बाजूंचं ते सागाचं रान! धानोऱ्याच्या नाक्यावर आमचे ढोलवाले मैनूभाऊ, माझा निरोप मिळून, ढोल घेऊन उभे. एके काळी नागभीड स्टेशनात हमाली करायचे, आता जवळच्याच गावात असतात. रशीदभाईंनी त्यांना कॉर्नेटसकट मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंगाबाईंच्या अंगणात गाव जमलं. मास्तर खाटेवर, आमच्याकडे पाठ करून. पहिल्या ताफ्याची चाल झाली. पाठ हलली नाही.

मग दुसऱ्या ताफ्याची मोठी चाल धरली. ढोल चढला, सनई कॉर्नेटशी भांडू लागली, मी दोघांच्या मधून घुसलो आणि ऐन रंगात आम्ही चौघंही एकदम थांबलो. पुढे कुणी वाजवेना. आम्ही एकमेकांकडे बघतोय.

मास्तर वळले. "काऊन थांबले रे?"

"मास्तर, गाडी..." किसनभाऊ म्हणाले आणि जीभ चावली.

नागभीडला आमची तालीम रुळालगतच्या गोदामात व्हायची. चालीत या जागेवर आलो की रोजची गाडी धडधडत यायची. ती जाईपर्यंत थांबायचं, मग मास्तरांनी हात केला की पुढे. ही चाल गोदामाबाहेर कधी वाजलीच नव्हती, म्हणून इतक्या वर्षांनीही बोटांना तेच आठवलं.

"धानोऱ्यात कुठची गाडी आली बे!" मास्तर खो खो हसले, खोकले, पुन्हा हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "ते थांबणं गाडीसाठी होतं, चालीत मी तं थांबाले सांगतलंच नोतं. ते दोन तुकडे नाईत, एकच हाय. पह्यल्यापासून वाजवा. अन् थांबू नका."

आम्ही वाजवलं. त्या जागी ढोल थांबला नाही आणि सनई सरळ पुढच्या सुरात उतरली. पुढचा भाग मागच्याचं उत्तर होता. आम्ही वर्षानुवर्षं वाजवूनही हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मास्तर आता आमच्याकडे तोंड करून बसले होते. चाल संपली तेव्हाच त्यांची मांडीवरची बोटं थांबली.

"असंच होतं माह्या डोक्यात," एवढंच म्हणाले.

नागपूरला आलो आणि दुसऱ्याच दिवशी पोटापाण्यासाठी एका वरातीत नेहमीच्या चाली वाजवल्या, कुणी हुर्यो केली नाही. होळीच्या सुमारास मास्तर गेल्याचं कळलं. रडलो. पण त्यांची चाल अखंड वाजली तेव्हा वाजवणाऱ्यांत मी होतो आणि ऐकणाऱ्यांत ते होते. याहून जास्त मला कुणाकडे मागायचं नाही.