बिनवासाची गाडी

"गाडी थांबवा, दाजी! थांबवा म्हणतो ना!"

मेव्हणा मागून बोंबलत होता आणि माझा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सासूबाईंनी सीटकव्हर, दार आणि मेव्हण्याचा शर्ट एका झटक्यात रंगवून टाकला. नांदेड सोडल्यापासूनची ही आठवी उलटी. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर, एकाही गावाचा मान त्यांनी मोडला नव्हता. आता लातूर मागं पडलं होतं, औसा यायचं होतं, आणि पोटातून नुसतं हिरवं पाणी येत होतं.

मी खाली उतरलो. आधी सीटकव्हर पाहिलं.

"अहो, पाणी द्या की तिला!" बायको ओरडली, तेव्हा कुठं बाटली शोधली.

किल्लारीत सासूबाईंची धाकटी बहीण त्या दिवशी पहाटे गेली होती आणि आम्ही तिच्या मातीला निघालो होतो.

आमच्या सासूबाईंचं नाक म्हणजे काय सांगावं! डिझेलचा टँकर सोलापुरात वळला की नांदेडात यांच्या पोटात कालवायचं. यष्टीचं तिकीट नुसतं हातात दिलं तरी पदर तोंडाला जायचा. वरात बैलगाडीतून आली म्हणून त्यांचा संसार झाला, जीपमधून आली असती तर पाव्हण्यांनी वाटेतूनच परत पाठवली असती. भूकंपात माहेरचं सगळं गेलं, राहिली ही एक बहीण. तिचं खुब्याचं हाड मोडलं, ती खाटेला खिळली, म्हणजे तिचं येणं संपलं. रोज फोनवर एकच म्हणायची, "अक्का, एकदा येऊन जा गं." लातूरपर्यंत रेल्वे होती, पुढं मात्र जीप नाहीतर यष्टी, म्हणजे डिझेलच.

मेव्हणा नांदेडात मास्तर. मी त्याला गुरुजी म्हणतो, तो मला दाजी. त्यानं ही बिनवासाची, विजेवरची गाडी हेरली. शोरूममधून चक्कर मारायला काढली, आईला बसवलं, गोदावरीच्या पुलावरून पार पलीकडं जाऊन आला. त्याच दिवशी मला लातूरला फोन. आवाज असा, जणू पोरगा कलेक्टर झाला.

"दाजी, आई झोपली हो गाडीत! चक्क झोपली! म्हणाली, वासच न्हाई बाई. घेऊन टाकू का?"

आता हे विचारणं त्यांच्या घरची रीत. कुकर घ्यायचा असो की बोअर मारायची, थोरल्या जावयाला विचारल्याशिवाय त्या घरात काडी हलत नाही. नवीन वाहनाचा नारळही जावयानंच फोडायचा. पैसा त्याचा, आई त्याची, पण होकार माझा.

आणि मी नुकतीच डिझेलची गाडी घेतली होती. सासुरवाडीच्या गल्लीत ती उभी राहिली की अख्खी आळी बोनेटवर हात फिरवून जायची. तिच्या शेजारी याची मुकी, गुळगुळीत गाडी उभी राहिली तर माझ्याकडं कोण बघणार? खरं कारण एवढंच. ते सोडून बाकी सगळी कारणं मी त्याला दिली.

"घाई काय हाय, गुरुजी? दसऱ्याला नवीन मॉडेल यायलंय."

दसऱ्याला म्हणालो, बॅटरी सुधारू द्या, संक्रांतीनंतर बघू. संक्रांतीला म्हणालो, उन्हाळा जाऊ द्या, लातूरच्या उन्हात बॅटरी लाह्यांसारखी फुटते. एकदा तो हळूच म्हणाला, "दाजी, मावशीला मॉडेल कळत न्हाई. तिला निस्ती आई पायजे."

जेवणाची पंगत बसलेली होती. मी वरणाचा हात तसाच ठेवून गोष्ट सोडली. आमच्या रेणापूरच्या एकानं अशीच गाडी घेतली. फाट्यावर बंद पडली. चार्जिंगला उसाच्या पाण्याच्या मोटारीला जोडली तर गाडी हलंना आणि मोटार मात्र पुढं चालायला लागली. शेवटी बैलजोडी लावून ओढत आणली, तर बैल दर दहा पावलांनी मागं वळून बघायचे आणि एकमेकांकडं बघून मान हलवायचे. तेव्हापासून ते बैल त्या मालकाच्या हातची वैरण खात नाहीत.

असा माणूस रेणापुरात नाही. बैल तर नाहीतच. पण पंगत लोळली. मी वर म्हणालो, "वाढा वाढा, गुरुजींना भात वाढा, चार्जिंग उतरलंय!" लेकरंबाळं सुद्धा त्याला चार्जर म्हणायला लागली. सासूबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. तो खाली मान घालून जेवला आणि पुन्हा थांबला.

पंचमीला मी बायकोला माहेरी घेऊन गेलो होतो, तेव्हाच किल्लारीचा फोन आला. दारात होती ती माझी गाडी.

आठ ठिकाणी थांबत आम्ही पोचलो तेव्हा माणसं माती उरकून परत येत होती. त्यांनी वाट पाहिली होती, मग आभाळ आलं म्हणून उचललं. सासूबाईंना दोघांनी धरून आत नेलं. बहिणीची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. त्यांनी ती खाली घ्यायला लावली, आणि तिच्यावर बसल्या. लुगड्याला वास मारत होता म्हणून बायका जरा लांबच बसल्या.

दिवाळीला मी नांदेडला गेलो. गाडी आतून धुऊन, अत्तर मारून नेली होती, तरी वास गेला नव्हता. गुरुजी ओसरीत पेपर तपासत बसले होते. मी मोठ्या मनानं म्हणालो, "गुरुजी, नवीन मॉडेल आलं बघा. एका चार्जिंगमध्ये किल्लारी गाठतंय. आता घेऊन टाका, नारळ मी फोडतो."

त्यानं पेपरवर मार्क मांडले, पेनाला टोपण लावलं.

"आता घाई न्हाई, दाजी."