मैमूना सिस्टरचं पाचशे शब्दांचं पत्र

मैमूना सिस्टर मूळच्या जुन्या जालन्याच्या. बदली होऊन टेंभुर्णीच्या सरकारी दवाखान्यात आल्या तेव्हा तिशीच्या असतील. बोलायला मोकळ्या आणि रागवायलाही मोकळ्या, त्यामुळं गावात लवकर रुळल्या.

१९९१च्या माघात ज्वारीची काढणी जोरात होती. एके सकाळी झुंबरबाई डोळ्याला पदर लावून आली. ज्वारीची पात लागून चार दिवस झाले होते. डोळा लालभडक, बुबुळावर पांढरा ठिपका धरलेला.

"चार दिवस काय केलं, मावशी?"

"शेळीचं दूध घातलं. मंग तूप घातलं. काम सोडून कशी येऊ, शिष्टरबाई?"

जालन्याला पाठवूनही उपयोग झाला नाही. डोळ्यात फूल पडलं आणि त्या डोळ्याची नजर गेली ती कायमची. सिस्टरच्या मनाला ते फार लागलं. त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि पात लागून येणाऱ्या प्रत्येक बाईची नोंद सुरू केली. नाव, कोणता डोळा, घरी काय घातलं, कितव्या दिवशी आली, पुढं काय झालं. कुणी सांगितलं नव्हतं. तीन सुगीत एकसष्ट नावं झाली. त्याच दिवशी येऊन मलमाची कॅप्सूल डोळ्यात पिळून घेतलेल्या चोवीसजणींपैकी एकीचाही डोळा गेला नव्हता. तीन दिवसांनंतर आलेल्या सतराजणींपैकी नऊजणींना फूल पडलं होतं.

तिसरी सुगी संपल्यावर डॉ. मच्छिंद्र गाढे दवाखान्यात रुजू झाले. नुकतेच शिकून आलेले. वही चाळता चाळता ते खुर्चीत सरळ झाले.

"सिस्टर, हे छापून यायला पाहिजे."

"कुठं, पेपरात?"

"डोळ्यांच्या वैद्यकीय नियतकालिकात. देशभरातले डॉक्टर वाचतात ते."

सिस्टर हसल्या, पण विचार डोक्यातून जाईना.

डॉक्टरांनी बारा पानं इंग्रजीत लिहिली, जालन्याला टाइप करून आणली आणि संशोधन लेख म्हणून पाठवली. पाच महिन्यांनी ती परत आली. सोबत एक छापील कागद होता. कोणकोणतं लेखन घेतो, त्याची यादी त्यात होती : संशोधन लेख, आढावा लेख, एखाद्या रुग्णाची हकिकत, संपादकांना पत्र. संशोधन लेखाला डोळा यंत्राखाली तपासलेला हवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"आपल्याकडं बॅटरी आहे फक्त," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

मग झुंबरबाईची हकिकत पाठवायची ठरली. सिस्टर तिला विचारायला गेल्या.

"माझं नाव छापतेत का?"

"नाव नाही, मावशी. वय आणि डोळा एवढंच."

"मंग मला वळखायचं कुणी?" म्हणत झुंबरबाई हसली, पण तिनं होकार दिला.

तीही हकिकत परत आली. आम्ही फक्त दुर्मीळ रुग्णांच्या हकिकती छापतो, हा प्रकार नेहमीचा आहे, असं एका ओळीत कळवलं होतं.

सिस्टर भडकल्या. "नेहमीचा आहे म्हणूनच तर लिहिलं ना, सर! दर सुगीला बायांचे डोळे चाललेत!"

डॉक्टरांनी कागद कपाटात टाकले. "राहू द्या, सिस्टर. आपल्या आवाक्यातलं नाही हे."

सिस्टरनी मात्र तो छापील कागद घरी नेला आणि शब्दकोश घेऊन ओळ न् ओळ लावली. यादीत सगळ्यात शेवटी पत्र होतं. पाचशे शब्द, एक तक्ता. यंत्राचं नावही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांसमोर जाऊन बसल्या. "सर, पत्र तर मला येतं. अर्ध्या टेंभुर्णीची पत्रं मीच लिहून देते."

त्या मराठीत सांगत गेल्या, डॉक्टर इंग्रजीत उतरवत गेले. डॉक्टरांचं वाक्य लांबलं की सिस्टर अडवायच्या. "थेट लिहा. लवकर आल्या, त्यांचे डोळे वाचले." खाली नावं लिहायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी सिस्टरचं नाव आधी घातलं.

"सर, डॉक्टर तुम्ही आहात."

"आणि वही कुणाची आहे?"

१९९५च्या उन्हाळ्यात होकार आला आणि पोळ्याच्या सुमारास अंक. अगदी मागच्या बाजूला, अर्धं पान. सिस्टरनी आपल्या नावावरून बोट फिरवलं, मग तक्त्यातले आकडे दोनदा तपासले. बरोबर होते.

डॉक्टरांनी ते पान कॅप्सुलींच्या मागणीच्या अर्जाला जोडून जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडं पाठवलं. सुगीच्या आधीच आसपासच्या अकरा गावांतल्या अंगणवाड्यांत कॅप्सुली पोचल्या. झुंबरबाई आपण होऊन शेताशेतात फिरली. "माह्या डोळ्याकडं बघा," ती बायांना सांगायची, "आन् पात लागली की जल्दी जा. दूधबिध काई घालू नका."

त्या सुगीत एकोणतीस बाया आल्या. सव्वीसजणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. फूल पडलं ते एकीलाच.

डॉक्टर आनंदानं टेबलावर हात आपटून म्हणाले, "एकच, सिस्टर! फक्त एक!"

"ती का उशिरा आली, ते विचारून येते," सिस्टर म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या. ती बाई दूरच्या वस्तीवर राहत होती, तिथून अंगणवाडी तासाभराच्या वाटेवर. तिसऱ्या दिवशी त्याच वस्तीवरच्या दुर्गाबाई नावाच्या तिच्या शेजारणीच्या घरी कॅप्सुलींची डबी ठेवली गेली, आणि कॅप्सूल कशी कापायची, किती पिळायची, हे सिस्टरनी तिथल्या सगळ्या बायांना ओट्यावर बसवून दाखवलं.