सापळा रिकामा होता

मित्रांनो, तांड्यावरून थेट सायबर कॅफेत आलोय. घरी गेलो असतो तर उगाच बायकोवर ओरडलो असतो.

मी कळमनुरी भागात कृषी सहायक आहे. आज तांड्यावरच्या सुंदराबाईंच्या हरभऱ्यात गेलो, तर घाट्याघाट्याला भोक. आतले दाणे अळीनं खाल्लेले.

महिन्यापूर्वी मीच त्यांना कामगंध सापळे दिले होते. सापळ्यातल्या गोळीला या अळीच्या मादी पतंगाचा वास असतो. नर आपल्या मिशांनी तो लांबून ओळखतो, येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. पतंग दिसले की फवारणी करायची. मी दर आठवड्याला बांधावरूनच पिशवी बघायचो. रिकामी दिसली की वहीत शून्य लिहायचो आणि सांगायचो, "फवारू नका."

आज पहिल्यांदा झाकण उचललं. गोळी बंद पाकिटासकट टांगलेली होती.

"दवानं भिजंल म्हणून पाकीट फोडलंच न्हाई," बाई म्हणाल्या.

मी चिडून बोलणार, तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, तुमी तर दर हप्त्याला बघून जात होता न्हवं?"

माझ्या वहीत अजून चार शेतांपुढं शून्यच आहे. उद्या तिथली झाकणं उचलायचीत. तुम्ही असता तर कोणत्या तोंडानं गेला असता?